रक्ताच्या दप्तरातला बंद रुमाल

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिते होऊ लागतात. भात घरात आलेले असते, नाचणी-वरईची कामे उरकलेली असतात, आणि डोंगरउतारावरची माणसे पोरेबाळे, भांडीकुंडी, कधी कोंबड्यासुद्धा बरोबर घेऊन भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आपल्याकडे शेजारीपाजारी फराळाची ताटे फिरत असतात, तेच हे दिवस. ही मंडळी परततात ती पावसाच्या तोंडाशी. शहरातल्या वाचकाला जव्हार ठाऊक असते ते बहुधा दोन कारणांनी. एक तर तिथली थंड हवा आणि मुकणे राजांचा जयविलास राजवाडा. आणि दुसरे, १९९२-९३ साली वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली तेव्हाच्या बातम्या. मला आज सांगावयाचे आहे ते या दोहोंहून निराळे आहे. रक्ताच्या पेशी आपली नक्कल करावयास कोठून आणि केव्हा आरंभ करतात, याची ही हकीकत आहे. विषय ऐकून पान उलटू नका. यातली पुष्कळशी कामे या घटकेला तुमच्या-आमच्या हाडांतही चालू आहेत.

मी कॉलेजात पुष्कळ वर्षे जीवशास्त्र शिकविले. निवृत्त झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने मला गाठले. तो मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. "सर, आमच्या मुलामुलींची सिकलसेलची तपासणी झाली. काहींना कार्डे मिळाली आहेत. कार्डावर जे लिहिले आहे त्याचा अर्थ मुले मला विचारतात. मी सांगतो, पण त्यांचे पुढचे प्रश्न आले की अडतो. तुम्ही एकदा याच." मी गेलो. वाडा, विक्रमगड मागे टाकून एस.टी. जव्हारच्या पठारावर चढते आणि तिथून मोखाड्याचा रस्ता सुरू होतो. पावसाळा नुकता सरला होता आणि डोंगर अजून हिरवे होते.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातली तांबडी पेशी असते अंगठ्याने मध्ये दाबलेल्या पेढ्यासारखी, वाटोळी आणि मऊ. केसाहून बारीक नळ्यांतून ती अंग मुडपून सहज निसटते. सिकलसेलच्या रोग्याच्या तांबड्या पेशीतला प्राणवायू उतरला की तिच्यातल्या हीमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि पेढ्याचा विळा होतो. विळे एकमेकांत अडकतात, नळी तुंबते, आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. मग हाडे, छाती, पोट यांत जी कळ उठते तिला इंग्रजी वैद्यकात 'क्रायसिस' म्हणतात. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळट, आणि धाप.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखविले की दोष हीमोग्लोबिनच्या कणातच आहे. आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रम यांनी तो दोष अगदी बोटावर आणून ठेवला. हीमोग्लोबिनच्या एका साखळीतली सहावी कडी बदललेली, एवढेच. डी.एन.ए.च्या भाषेत बोलायचे तर एका ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' हे अक्षर पडले आहे. आपल्या देशात हा रोग आहे हे १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लेहमान आणि कटबुश यांना आढळले, आणि १९५६ साली सुकुमारन, संघवी व व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही जमातींविषयी लिहिले. आईबापांपैकी एकाकडूनच हे अक्षर आले तर माणूस 'वाहक' होतो. तो सहसा आजारी नसतो, उलट मलेरियाशी त्याचा टिकाव चांगला लागतो, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखविले. रानावनांत हे अक्षर टिकून राहिले ते त्यामुळेच. दोघांकडून आले तर मात्र रोग.

शाळेच्या ओसरीवर मी हे सारे फळ्यावर काढून दाखविले. विळ्याचे चित्र मुलांना ताबडतोब कळले. त्यांतल्या बहुतेकांनी आठवड्यापूर्वीच भात कापले होते. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या कार्डावर दोन्ही अक्षरे दोषाची होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणता अंगातल्या सगळ्या पेशींत एकच मजकूर असतो. मग चूक माझ्या कातडीतही आहे आणि डोळ्यांतही आहे. मग ती रक्तातच का दिसते?"

कॉलेजातल्या मुलांनी हा प्रश्न मला फार क्वचित विचारला असेल. तिची आई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने वारली बोलीत काही विचारले आणि शिक्षकाने ते मला सांगितले: पोर जन्मली तेव्हा चांगली होती, सहा-सात महिने काही नव्हते, मग हातापायांची बोटे सुजली आणि तिथून सुरू झाले. जन्मतःचे दुखणे असेल तर ते जन्मतः का नव्हते?

या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात, आणि ती जागा म्हणजे पेशीतले दप्तर. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कसे ठेवलेले असतात ते कित्येकांनी पाहिले असेल. ते रुमालांत बांधलेले असतात. काही रुमाल अभ्यासकांच्या हाती नेहमी जातात, त्यांच्या गाठी सैल असतात. काही वर्षानुवर्षे सुटतच नाहीत. पेशीचेही तसेच आहे. एका पेशीतला डी.एन.ए.चा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल, आणि तो राहतो मिलिमीटरच्या पाच-सहा हजारांश भागाएवढ्या केंद्रकात. तो तिथे मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावर १४७ अक्षरे, म्हणजे पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा दोरा, मग पुढचे रीळ. रिळांसकट या साऱ्या गुंडाळीला 'क्रोमॅटिन' म्हणतात. हे नाव दिले वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कारण ते रंग चटकन घेते. रिळांमागचे गणित मात्र रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ साली मांडले. काही ठिकाणी ही गुंडाळी सैल असते आणि तिथला मजकूर वाचता येतो. काही ठिकाणी ती गच्च आवळलेली असते आणि मजकूर असून नसल्यासारखा होतो.

म्हणजे मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे: हीमोग्लोबिनचा रुमाल कातडीच्या पेशीतही आहे, पण तिथे तो बंद आहे. चूक बंद कागदात निजली आहे.

उरलेले अर्धे उत्तर अधिक गमतीचे आहे, आणि तिथेच आजचा विषय येतो. पेशी दुभंगण्यापूर्वी साऱ्या दप्तराची नक्कल व्हावी लागते, उघड्या रुमालांची आणि बंद रुमालांचीही. एक कागद राहिला तर चालत नाही, आणि एकाची दोनदा नक्कल झालेलीही चालत नाही. माणसाच्या पेशीत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे सहाशे कोटी अक्षरे असतात. नक्कल करणारे यंत्र मिनिटाला दोन हजारांच्या आसपास अक्षरे उतरते. आपल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे पंचवीस कोटी अक्षरे आहेत. मध्यावर एकाच ठिकाणी आरंभ करून दोन्ही दिशांनी काम चालविले तरी तेवढ्याला दीड महिना लागेल. पण प्रत्यक्षात सारे दप्तर आठ-दहा तासांत उतरून होते! युक्ती अशी की आरंभ एका ठिकाणी होतच नाही. तो हजारो ठिकाणी होतो. जॉएल ह्यूबरमन आणि आर्थर रिग्ज यांनी १९६८ साली किरणोत्सर्गी अक्षरे खाऊ घातलेल्या पेशींची छायाचित्रे घेऊन हे डोळ्यांनी दाखविले.

मग हजारो नकलनवीस बसतात कोठे? आतड्यातल्या साध्या जंतूला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या गोल धाग्यावर आरंभाची एकच जागा आहे आणि ती ठराविक अक्षरांनी लिहिलेली आहे. पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये जागा पुष्कळ, पण अक्षरांची खूण त्यांतही आहे. ती खूण ओळखून तिच्यावर जाऊन बसणारी सहा प्रथिनांची टोळी स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांनी १९९२ साली शोधून काढली. तशीच टोळी माणसातही आहे. ती आधी बसते, मग तिच्या मदतीने धाग्यावर कड्या चढविल्या जातात. कडी चढली म्हणजे परवाना मिळाला. परवाने नक्कल सुरू होण्यापूर्वीच वाटले जातात, आणि नक्कल सुरू झाली की परवाना-खिडकी बंद. म्हणून एकाच कागदाची दोन वेळा नक्कल होत नाही. परवाने गरजेपेक्षा पुष्कळ जास्त दिलेले असतात आणि त्यांतले थोडेच वापरले जातात. (सरकारी कचेरीत असे कधी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.)

पण माणसाच्या धाग्यावर ही टोळी बसते ती ठराविक अक्षरे पाहून नव्हे. वर्षानुवर्षे शोधूनही तशी खूण सापडली नाही. ती पाहते गुंडाळी. जिथे रिळे दूर सरलेली आहेत, दोरा मोकळा आहे, तिथे ती बसते. रिळांवर लावलेली रासायनिक चिठ्ठीही ती वाचते. २०१२ साली असे दिसून आले की टोळीतल्या पहिल्या प्रथिनात अशी एक चिठ्ठी धरणारी खोबण आहे. ही खोबण बिघडलेली माणसे मायर-गोर्लिन नावाच्या आजाराने फार ठेंगू राहतात. आणि नकलेचा क्रमही गुंडाळीवरून ठरतो. सैल रुमाल आधी, गच्च रुमाल शेवटी. स्त्रियांच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांतले एक आवळून बंद ठेवलेले असते. ते बंद गुणसूत्र नकलेला सर्वांच्या मागून येते, हे १९६०च्या सुमारासच हर्बर्ट टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानी आले होते.

आता योगायोग पाहा. माणसाच्या दप्तरात नकलेच्या आरंभाची जी जागा शास्त्रज्ञांनी सर्वांत बारकाईने अभ्यासली, ती नेमकी मोखाड्याच्या त्या मुलीच्या कार्डावरच्या अक्षराच्या शेजारी आहे. अकराव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ हीमोग्लोबिनच्या या साखळीचे पाच मजकूर ओळीने मांडलेले आहेत, आणि तेही वापरण्याच्या क्रमाने. पहिला गर्भाच्या अगदी आरंभीचा, मग दोन गर्भावस्थेचे, मग एक किरकोळ, आणि शेवटचा प्रौढपणीचा. सिकलची चूक या शेवटच्या मजकुरात. चौथा आणि पाचवा यांच्या मधल्या पट्ट्यात नकलेचा आरंभ होतो, हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या हॉवर्ड सीडर यांच्या प्रयोगशाळेने १९९३ साली दाखविले. रक्त तयार करणाऱ्या पेशींत या भागाची नक्कल अगदी लवकर होते. इतर पेशींत उशिरा. आरंभाची जागा तीच, घटका निराळी.

हे काम सोपे झाले ते काही रोग्यांच्या रक्तामुळे. हीमोग्लोबिन लेपोर नावाच्या विकारात नेमका तो मधला पट्टाच गळालेला असतो. तिथे आरंभ होत नाही, आणि शेजारच्या भागातून आलेल्या यंत्राला हे काम उरकावे लागते. हे समजण्यासारखे आहे. चकित करणारा विकार दुसराच आहे. हिस्पॅनिक थॅलसेमिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात पाचही मजकूर शाबूत, आरंभाचा पट्टाही शाबूत. गळालेला आहे तो बराच दूरचा, सुमारे पस्तीस हजार अक्षरांचा एक तुकडा. तरी सारा विभाग मिटून जातो. रिळे गच्च होतात, नक्कल उशिरावर जाते (हे १९९० साली कळले), आणि त्या शाबूत पट्ट्यावर आरंभ होतच नाही (हे मिरिट अलाद्जेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखविले). कागद जिथल्या तिथे, एक अक्षर इकडचे तिकडे नाही, आणि नकलनवीस तिथे बसायला तयार नाही! कारण गाठ सुटलेली नाही. अक्षरांना अगदीच किंमत नाही असेही नव्हे. तो पट्टा उचलून माकडाच्या पेशीत भलत्याच ठिकाणी बसविला तर तिथेही नक्कल सुरू होते, हे १९९८ साली दिसले. आणि २००० साली आणखी एक गुंता निघाला: त्या पस्तीस हजारांपैकी ज्या भागाला आजवर साऱ्याचे श्रेय देत होते, तेवढाच काढला तर आरंभाचे काही बिघडत नाही, सूत्रे त्याच्याही पलीकडून हलत असावीत. असे झाले की शास्त्राचा मला अधिकच भरवसा वाटतो.

मुलीला मी सांगितले: तुझ्या रक्ताच्या पेशीत तो रुमाल उघडा आहे, त्याची नक्कल पहिल्या प्रहरी होते आणि तो मोठ्याने वाचलाही जातो. कातडीत तो बंद आहे, त्याची नक्कल शेवटी कशीबशी होते आणि तो वाचत कोणीच नाही. ती खाली बसली. तिचे समाधान झाले की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर त्याच ओळीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या मजकुरात आहे. गर्भात असताना मूल हे गर्भावस्थेचे हीमोग्लोबिन वापरते, आणि त्याच्यात सिकलची चूक नसते. एवढेच नव्हे, ते सिकलच्या काड्या बनू देत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच ताडले होते की तान्ह्या मुलांच्या पेशींचे विळे होत नाहीत ते यामुळे. जन्मानंतर सहा महिन्यांत गर्भाचा रुमाल बांधला जातो आणि प्रौढपणाचा सोडला जातो. आईच्या हिशेबातले सहा-सात महिने ते हेच. गाठ बांधणारा कोण, हे २००८च्या सुमारास सापडले. बीसीएल-११-ए नावाचे एक प्रथिन, हिस्टोनवरच्या चिठ्ठ्या काढून टाकणारी मंडळी बरोबर घेऊन, तो भाग आवळून टाकते. काही माणसांत ही गाठ जन्मतःच थोडी सैल राहते. भारतात आणि पूर्व अरबस्तानात सिकलचा जो वाण आढळतो त्यात गर्भाचे हीमोग्लोबिन पुष्कळदा अधिक असते. म्हणून आपल्याकडे आफ्रिकेपेक्षा रोग सौम्य, असे पुस्तके सांगत. विदर्भातल्या डॉक्टरांचा अनुभव मात्र असा की सौम्य म्हणून निर्धास्त राहावे असे काही नाही.

त्या मुलीच्या पिशवीत दोन गोळ्या होत्या, आणि दोन्हींचा संबंध नकलेशीच येतो. एक फॉलिक अ‍ॅसिड. 'टी' हे अक्षर घडवावयास ते लागते. चांगल्या माणसाचा मगज दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करतो. सिकलच्या रोग्याच्या पेशी दहा-वीस दिवसांत फुटत असल्यामुळे त्याच्या मगजाला याच्या कितीतरी पट राबावे लागते, म्हणजे तितक्या पट नकला, आणि तितक्या पट अक्षरे. या जीवनसत्त्वाचा माग मुंबईतच लागला हे पुष्कळांना ठाऊक नसते. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ पासून परळच्या हाफकिन संस्थेत गिरणीकामगार गरोदर बायांच्या पंडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, त्या बायांचे रक्त सुधारते हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरला.

दुसरी गोळी हायड्रॉक्सियुरियाची, आणि ती अगदी उलट काम करते. ती अक्षरांचा पुरवठा तोडते! हे रसायन जर्मनीत १८६९ साली तयार झाले आणि कित्येक वर्षे पडून राहिले. मग कर्करोगावर वापरले गेले. नकलनवीस लिहीत असताना शाई आटली तर जे होईल तेच पेशीत होते. नक्कल अडते, काही पेशी मरतात, आणि मगज घाईने नव्या पेशी पुढे ढकलतो. त्या गडबडीत गर्भाचा रुमाल पुन्हा थोडा उघडतो. तो नेमका कसा उघडतो यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पण गुण येतो यात वाद नाही. १९९५ साली अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तीत कळांचे हल्ले जवळजवळ निम्म्यावर आले. एक गोळी शाई पुरविते आणि दुसरी आटवते, हे एकाच पिशवीत कसे, असे मला तिथल्या एका शिक्षकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. फॉलिक अ‍ॅसिड शाईचा एक घटक पुरविते. हायड्रॉक्सियुरिया दुसऱ्याच टप्प्यावर, मोजून, काही तासांपुरती आडकाठी घालते. सारे त्या मोजण्यात आहे. मात्रा जास्त झाली तर पांढऱ्या पेशीही घटतात आणि साधा ताप जिवावर बेततो. म्हणून ही गोळी चालू असता ठराविक काळाने रक्त तपासावे लागते, मूल हवे असेल तेव्हा ती डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते, आणि एरवी ती रोज घ्यावी लागते. दोन महिने घेऊन चार महिने सोडली तर रुमालाची गाठ पुन्हा आवळते.

आणि म्हणून मी वीटभट्टीचे बोलत होतो. भट्टीवरचे ऊन, पहाटेची थंडी, पाणी कमी पिणे, अंगमेहनत, यांतले प्रत्येक कारण पेढ्याचा विळा करावयास पुरेसे आहे. मुलगी आश्रमशाळेत राहिली तर गोळी चुकत नाही. पण तिचा धाकटा भाऊ, वय वर्षे चार, आईबापांबरोबर जाणार होता, आणि त्याच्याही कार्डावर तेच लिहिले होते. मी आईला विचारले, गोळ्या किती दिवसांच्या आहेत? तिने बोटे दाखविली. एक महिना. मग? मग कोणीतरी गावी येईल, घेऊन जाईल. आमच्या शिक्षकाने तिथेच कागद काढला. भट्टीच्या गावाचे नाव, जवळचे सरकारी रुग्णालय, गोळीचे नाव आणि मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद कार्डाला टाचून दिला. सिकलच्या रोग्याला साध्या एस.टी.तून मोफत प्रवासाची सवलत आहे, हे तिला ठाऊक नव्हते, तेही लिहिले.

परदेशांत आता याहून पुढचे उपाय निघाले आहेत. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रोग्याच्या मगजातल्या मूळ पेशी बाहेर काढतात, बीसीएल-११-ए रक्तपेशींत चालू करणारी जी कळ आहे तेवढीच कात्रीने कापतात, जुना मगज औषधांनी रिकामा करून त्या पेशी परत घालतात. चुकलेले अक्षर जागच्या जागीच राहते. उघडला जातो तो गर्भाचा रुमाल. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. बापाला भट्टीवर उचल किती मिळाली होती ते मी विचारले नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, असा त्याचा संकल्प आहे. आश्रमशाळांतल्या मुलांची तपासणी होते तीही अशाच मोहिमांतून. लग्नापूर्वी कार्डे जुळवून पाहा, असेही त्यात सांगतात. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारांत एक. हे ऐकून मागच्या बाकावरचे दोन मुलगे हसले आणि शिक्षकाने त्यांना बाहेर उभे केले. मला ते हसणे बरे वाटले. कार्डावरून मुलीचे लग्न मोडते, मुलाचे मोडत नाही, अशीच आपल्याकडची रीत. मुलगे निदान ऐकत तरी होते.

निघताना आईने आणखी एक विचारले. घरात चौथे बाळ येणार होते. त्याचे कधी कळेल? मी म्हटले, जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा एक थेंब घेतात, त्यावरून कळते. मूल तेव्हा ठणठणीत दिसेल, पण गाठ बांधली जायला सहा महिने लागतात. तेवढे सहा महिने आपल्या हातात असतात. तिने शिक्षकाला बाळाच्या महिन्यांचा हिशेब सांगितला आणि तो त्याने भिंतीवरच्या पंचांगात पाहिला. फाल्गुन. तेव्हा ती भट्टीवर असेल.

शिक्षकाने कार्डाला टाचलेला तो कागद परत मागून घेतला आणि त्यावर आणखी एक ओळ लिहिली.